टबातले देव

माझ्या घरातले देव सात वर्षं एका निळ्या प्लास्टिकच्या टबात, पाण्याखाली होते. मीच ठेवले होते. तेव्हा कुणी विचारलं तर मी लपवत नसे आणि आजही लपवत नाही.

देव पाण्यात ठेवणं आपल्याकडे काही नवीन नाही. घरात कोणी अत्यवस्थ असलं, कुणाचं काही अडलं, की बायका देव्हाऱ्यातले देव उचलून पाण्यात ठेवतात आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. आमचा जीव टांगणीला लागलाय तर तुम्हीही थोडं गुदमरा, असा त्यातला हिशेब. बहुतेकांचं काम पंधरा दिवसांत होतं, नाहीतर ज्याच्यासाठी ठेवले तो माणूस जातो, आणि दोन्ही वेळा देव बाहेर निघतात. माझं काम झालं नाही आणि माणूसही गेला नाही. मग ते आतच राहिले.

आम्ही सिल्वासाला आलो तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. दोंडाईच्याकडून सुरत, सुरतेहून वापी आणि तिथून टेम्पोत भांडी मांडीवर घेऊन. नवऱ्याला राखोली रस्त्यावरच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात काम मिळालं होतं. तिथे टब, बादल्या, मग बनायचे. आमच्या चाळीत निम्मी माणसं धुळे-जळगावकडची, उरलेली युपी-बिहारची, आणि मालक गुजराती. नळावर तीन भाषांत भांडणं व्हायची आणि तिन्ही मला लवकरच येऊ लागल्या. चाळीतल्या प्रत्येक घरात कारखान्यातून नापास होऊन आलेली एखादी बादली असायची, कुठे कड वाकडी, कुठे कान तुटका. आमच्याकडे निळा टब होता. त्याच्या काठावर साच्यातून निघालेली एक धार तशीच राहिली होती, हाताला लागायची.

आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात आणि दिवसभर झोके घेतात. वर्षभर सासरी मान खाली घालून राहिलेली बाई त्या एका दिवशी पाय आभाळाला लावते. त्या वर्षी मला माहेरी जाता आलं नाही, कारण आमची दीड वर्षाची मुलगी गोवरातून नुकती उठली होती. मी चार दिवस तोंड फुगवून बसले. शेवटी नवरा म्हणाला, चाळीमागच्या चिंचेला मी बांधतो झोका. मी म्हटलं, उन्हं असताना आलात तरच बांधा, सूर्य बुडाल्यावर मला नको तुमचा झोका. हे मी लाडाने म्हटलं नव्हतं, चांगलं टोचून म्हटलं होतं. आखाजीच्या सकाळी तो पिशवीत डबा आणि बाजारातून आणलेला नवा दोर घेऊन कामावर गेला.

तो ज्या यंत्रावर काम करायचा त्याला जाळीचं एक दार होतं. दार उघडलं की एक स्विच सुटायचा आणि यंत्र थांबायचं. मग माणसाने साच्यातून तयार टब काढायचा, दार लावायचं, आणि पुन्हा साचा मिटायचा. जीव वाचवायला केलेली सोय होती ती. पण उघड-लाव करण्यात वेळ जातो. म्हणून तिथे सगळेच तो स्विच दोरीने बांधून ठेवत. दार उघडं राहायचं, यंत्र चालू राहायचं आणि माणूस साचा मिटायच्या आत हात घालून टब ओढून घ्यायचा. ठरलेले नग लवकर झाले की लवकर सुट्टी, हा तिथला नियम होता. त्या दिवशी दुपारी टब साच्याला चिकटला, नवऱ्याने ओढायला हात घातला आणि साचा मिटला.

मला बोलवायला आलेला माणूस रडत होता, त्यामुळे मला वाटलं नवरा गेला. हात आहे म्हटल्यावर मी आधी देवाचे आभार मानले, हे मला अजून आठवतं आणि अजून राग येतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं वाचवायचा प्रयत्न करू, तीन दिवस थांबा. मी घरी आले, मुलगी शेजारणीकडे दिली आणि देव्हाऱ्यातून तिघांना उचललं. आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा, तिच्याबरोबर आलेला रांगता बाळकृष्ण, आणि सासरच्या कुलदेवीचा चांदीचा टाक. पातेल्यात ठेवून वर पाणी ओतलं. हात जोडून म्हटलं, त्याचा हात उजवा आहे आणि तो हातावर पोट असलेला माणूस आहे, एवढं लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी चार बोटं काढली. अंगठा तेवढा राहिला.

शेजारीण म्हणाली, आता देव काढ बाहेर, जीव वाचला ना. ही शेजारीण कोकणातली, तिचा नवरा सरकारी शाळेत शिक्षक. तिच्या देव्हाऱ्यात रोज ताजं फूल असायचं आणि तिच्याकडे प्रत्येक दुःखाला एक उत्तर असायचं. मी म्हटलं, मी जीव मागितलाच नव्हता, हात मागितला होता. मग स्वयंपाकाला पातेलं लागायला लागलं तेव्हा मी त्या तिघांना निळ्या टबात हलवलं. ज्या साच्याने माझ्या नवऱ्याची बोटं खाल्ली त्याच साच्यातून तो टब निघालेला होता. मी टब फळीवर ठेवला आणि सांगितलं, बसा आता इथे.

शेजारीण मला समजवायला रोज यायची. पहिल्यांदा म्हणाली, मागच्या जन्मीचं भोगावं लागतं. मी विचारलं, मागच्या जन्मी यांनी काय केलं ते यांना आठवत नाही, मला आठवत नाही, मग शिक्षा कळणार कुणाला? पोरीला मी चापट मारते तेव्हा कशाबद्दल ते तरी सांगते. दोन दिवसांनी ती दुसरं घेऊन आली, देव सहन करणाऱ्यालाच देतो. मी म्हटलं, म्हणजे गाढव ओझं वाहतंय म्हणून अजून लादायचं. तिसऱ्यांदा तिने माझा हात हातात घेतला.

"अगं, देवाचं ज्याच्यावर प्रेम असतं ना, त्यालाच तो घासून बघतो."

मी हात काढून घेतला. मी म्हटलं, मग त्याला सांगा थोडं प्रेम तुमच्या मास्तरांवर करायला. तिचा चेहरा उतरला. ती बाई वाईट नव्हती. त्या महिन्यात माझ्या पोरीला तिनेच जेवू घातलं होतं. पण मला तेव्हा कुणाचं चांगलं तोंड बघवत नव्हतं.

बाकी चाळ देवाला माउली म्हणायची. मला त्या शब्दाचा सगळ्यात जास्त संताप यायचा. माझी पोर विळीकडे रांगत गेली तर मी पोळी तव्यावर जळू देऊन धावत जाते. ती विळीसाठी भोकाड पसरते, लाथा झाडते, तरी मी देत नाही. मी अडाणी बाई, सातवी शिकलेली, आणि मला एवढं कळतं. हा सगळ्या जगाची आई म्हणवतो आणि साचा मिटताना बघत बसतो. असली आई आमच्या गावात असती तर बायकांनी तिला पाणवठ्यावर उभं केलं नसतं.

नुसत्या देवावर राग धरून माझं भागत नव्हतं. राग धरायला हाडामांसाचा माणूस लागतो, आणि तो मला आयता मिळाला. कारखान्याचे सुपरवायझर. त्यांना सगळे साहेब म्हणत. मुंबईचे, मराठीच, पण कामगारांशी हिंदीत बोलायचे. हात चलाव, जबान नहीं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य चाळीतल्या पोरांनासुद्धा पाठ झालं होतं. अपघातानंतर आठ दिवसांनी ते आमच्याकडे आले, बिस्किटांचा पुडा आणि एक लिहिलेला कागद घेऊन. कागदावर लिहिलं होतं की हा अपघात कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला. नवरा दहावी झालेला, अक्षर मोत्यासारखं. त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. मी दारात उभी राहून बघत होते. साहेबांनी शाईचा डबा परत खिशात ठेवला आणि म्हणाले, गेटवर कामाला घेऊ, काळजी करू नका.

ते गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, स्विच बांधायला या साहेबांनीच लावलं ना, त्यांनीच बांधला ना. नवरा भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या गप्प बसण्याला मी हो समजले. त्या संध्याकाळी मी टबापुढे उभी राहिले आणि मागणं बदललं. म्हटलं, याचा हात तर तुम्ही गमावलात. आता त्या साहेबाचा उजवा हात जाईल त्या दिवशी तुम्हाला बाहेर काढीन. त्याच्या आधी नाही.

मग वर्षं गेली, आणि मी माझा शब्द पाळला. दर शनिवारी पाणी बदलायची, तेही डास होऊ नयेत म्हणून. अन्नपूर्णा हिरवी पडली, टाक काळा पडला, बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा कुठला आणि गुडघा कुठला ते ओळखू येईना. दिवाळीला देव्हाऱ्यात नुसती पणती लावायची. पुरणपोळी केली की पहिली गाईला, दुसरी नवऱ्याला, आणि टबासमोरून ताट मुद्दाम हळू न्यायची, वास जावा म्हणून. शाळेत बाईंनी विचारलं, तुमच्या घरी देवपूजा कोण करतं, तर आमची मुलगी म्हणाली, आमचे देव आंघोळीला बसलेत. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

नवऱ्याला रोज सकाळी पायजम्याची नाडी बांधून द्यावी लागायची. पहिली दोन वर्षं तो छताकडे बघायचा आणि मी खाली बघून गाठ मारायची. एका कर्त्या पुरुषाला रोज असं उभं राहावं लागतं, आणि ते पाहून जिच्या पोटात आग पडत नाही ती बायको कसली. मी रोज गाठ मारताना साहेबांचं नाव घ्यायची. मनातल्या मनात त्यांचं एकेक बोट मोजायची. नवरा गेटवर बसून डाव्या हाताने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला शिकला. पिशवीतला तो नवा दोर मी कपडे वाळत घालायला बांधला होता, झोक्याला नाही तर नाही. चिंचेला झोका मी परत कधी बांधू दिला नाही. एकदोनदा नवरा म्हणाला, काढ गं त्यांना आता. मी म्हणायची, त्यांना म्हणावं आधी हात द्या. तो तोंड उघडायचा, मिटायचा आणि बाहेर जाऊन बसायचा.

नव्वद साल उलटून गेलं होतं. एका सकाळी शेजारीण धावत आली. साहेबांना कारखान्यातच अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले रक्तदाब. मी म्हटलं, मला माहीत आहे काय ते.

मला आनंद झाला. हे मी झाकून सांगणार नाही. इतका आनंद मला लेक झाली तेव्हाही झाला नव्हता. मी चुलीवर शिरा चढवला, तूप हात न आखडता घातलं. टब खाली घेतला, तिघांना काढलं, चिंच लावून घासलं. सात वर्षांची हिरवळ निघायला वेळ लागला, पण अन्नपूर्णेचं नाक वर आलं तेव्हा मला तिचा पुळकाही आला. तुम्ही ऐकता तर, मी तिला म्हटलं. उशिरा का होईना, ऐकता.

नवरा पाळी संपवून आला. पाटावर ठेवलेले देव बघून दारातच थांबला आणि विचारलं, आज कसे काय बाहेर काढले. मी त्याला सगळं सांगितलं. काय मागितलं होतं, केव्हापासून, आणि आज ते कसं मिळालं. शिऱ्याची ताटली त्याच्या पुढे केली. त्याने ती घेतली नाही.

"दोर मीच बांधेल व्हता," तो म्हणाला. "सायेबनी सकायमाच कापी टाकेल व्हता. मी परत बांधा."

त्या दिवशी कारखान्यात तपासणीला इन्स्पेक्टर येणार होता. म्हणून साहेबांनी सकाळी सगळ्या यंत्रांवरच्या दोऱ्या कापून टाकल्या होत्या आणि कुणी बांधाल तर घरी पाठवीन म्हणून दम दिला होता. एरवी तेच डोळेझाक करायचे, त्या दिवशी मात्र त्यांनी कापल्या. इन्स्पेक्टर जेवायच्या आधी येऊन गेला. मग नवऱ्याने पिशवीतल्या नव्या दोराचा एक पदर उलगडला, तोडला आणि स्विच बांधला. नग लवकर संपवायचे होते. उन्हं असताना घरी यायचं होतं.

"तुले झोका बांधाना व्हता ना, म्हनीसन."

मी विचारलं, "मंग तुम्ही सांगं काबर नही?"

"तू इचारं नही. तूच सांगी दिधं." खरंच, त्याला विचारायच्या आधी साहेबांचं नाव मीच घेतलं होतं.

बाहेर तारेसारखा ताणलेला तो दोर होता. त्यावर पोरीचा शाळेचा झगा वाळत होता. मी जाऊन टोक बघितलं. सात वर्षं मी त्याला रोज हात लावत होते आणि त्याचा एक पदर कमी आहे हे मला दिसलं नव्हतं. त्या कागदावर जे लिहिलं होतं ते खोटं म्हणून मी सात वर्षं दात-ओठ खाल्ले, आणि ते अक्षरन् अक्षर खरं होतं. साहेब देवमाणूस नव्हते. इतर तीनशे दिवस तीच दोरी त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. पण माझ्या नवऱ्याचा हात त्यांनी घेतला नव्हता. शोधायलाच गेलं तर त्या दोराचं एक टोक माझ्या जिभेपर्यंत येत होतं.

मला त्या दिवशी नवऱ्याचा राग आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मी साहेबांना बघायला जातो. मीही गेले. का गेले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. कदाचित माझं काम बघायला गेले असेन.

साहेब खाटेवर उशाला टेकून होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं. हात पोटावर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. त्यांची बायको चमच्याने पेज भरवत होती, आणि पेज ओठाच्या कोपऱ्यातून पायजम्यावर सांडत होती. तिने चमचा बाजूला ठेवला, पायजमा पुसला आणि सुटलेली नाडी बांधली. साहेब छताकडे बघत होते. माझ्या नवऱ्याने मान फिरवली. तो खाटेजवळ बसला आणि आपला अंगठा उरलेला हात त्यांच्या लुळ्या हातावर ठेवला. साहेबांना बोलता येत नव्हतं आणि आमच्या ह्यांना कधीच येत नसे.

खोलीच्या कोपऱ्यात चौरंगावर तांब्याची परात होती. परातीत पाणी, पाण्यात गणपती, बाळकृष्ण आणि एक देवी. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. माझ्या शेजारणीकडून त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं होतं, की ही बाई देवाशी हट्टाने वागते आणि तिचा नेम मोठा आहे. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते. किती दिवस ठेवायचे असतात?"

माझ्या जिभेवर आलं होतं की बाई, एकाच देवापाशी तुमचं मागणं आणि माझं मागणं गेलं आहे, आणि माझं आधी पोचलं. मी ते बोलले नाही. मी म्हटलं, माझे सात वर्षं होते. बाईंनी मान हलवली, सात वर्षांचीही तयारी असल्यासारखी. मग त्यांनी मला चहा दिला, आणि मी तो प्यायले. इतका कडू चहा मी जन्मात प्यायले नाही, आणि साखर तर त्यात नीट होती.

घरी येताना माझ्या मनात एकच घोळत होतं. एकतर वर कोणी नाही. साचा आपोआप मिटला, रक्तदाब आपोआप वाढला, आणि मी सात वर्षं तीन धातूच्या तुकड्यांशी बोलत होते. तसं असतं तर मी सुटले असते. साहेबांच्या हाताशी माझा काही संबंध उरला नसता. पण तसं मानायला मी तयार नाही, कारण मग भांडायचं कुणाशी. आणि जर कोणी आहे, तर त्याने माझं ऐकलं. शेजारणीची सगळी उत्तरं मला खोटी वाटायची. मला त्या दिवशी एक खरं उत्तर सापडलं, आणि ते मलाच चटका देणारं होतं. जगातलं थोडं तरी दुःख माझ्यासारख्यांनी हात जोडून मागितलेलं असतं.

म्हणून मी त्या वरच्याला सोडणार आहे असं नाही. मला माहीत नव्हतं, पण त्याला माहीत होतं. दोर कोणी कापला, कोणी बांधला, कशासाठी बांधला, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर झालं. मी सात वर्षं विळी मागत होते. आईने ती द्यायची नसते.

घरी आल्यावर मी अंगणातला दोर सोडला आणि चुलीत घातला. मग पाटावरच्या तिघांकडे बघितलं. घासून लखलखीत झाले होते, जणू काही घडलंच नाही. मी निळा टब धुतला, पाणी भरलं आणि त्यांना एकेक करून आत ठेवलं. नवरा दारात उभा होता. त्याने विचारलं, आता कशासाठी. मी म्हटलं, साहेबांच्या हातासाठी. त्यांचा हात उठेल त्या दिवशी काढीन, त्याच्या आधी नाही.

साहेब तीन वर्षांनी गेले. हात उठला नाही. त्यांच्या बाई मुंबईला निघून गेल्या, जाताना त्यांनी परातीतले देव बाहेर काढून, पुसून, फडक्यात बांधून नेले. शेजारीण म्हणाली, आता तर माणूसच राहिला नाही, आता तरी काढ. मी म्हटलं, मी माणूस नव्हता मागितला, हात मागितला होता.

दर शनिवारी मी पाणी बदलते.